स्लॅबला पाणी मारायचे दिवस

मिक्सर धुऊन टेम्पोत चढला, मजुरांनी वडे आणि जिलेबी खाल्ली आणि कॉन्ट्रॅक्टर रुमालाने मान पुसत माझ्याकडे आला.

"ताई, आमचं काम झालं. आता तुमचं. उद्या सकाळी माझी माणसं येऊन वर आळी करून देतील. त्यात पाणी भरून ठेवायचं, सुकू द्यायचं नाही. सेंट्रिंग काढेपर्यंत फक्त पाणी मारत राहायचं. बस, एवढंच."

"एवढंच" म्हणून तो बाइकवर बसून गेला आणि त्यानंतर बरेच दिवस त्याने माझा फोन उचलला नाही.

घर आंबिवलीचं, बाबांचं. बैठं, दोन खोल्या आणि पडवी, वर सिमेंटचे पत्रे. आम्ही दोघं भावंडं त्या पत्र्यांखाली वाढलो. मी लग्न होऊन बाळकुमला गेले, दादा नोकरीसाठी दुबईला गेला, मग आई गेली आणि बाबा एकटे राहिले. मे महिन्यात पत्रे असे तापायचे की दुपारभर ते ओला पंचा खांद्यावर टाकून दारात बसून असायचे. मी हजारदा म्हटलं असेल, आमच्याकडे चला. "तुझ्या त्या सातव्या मजल्यावर मला कोंडल्यासारखं होतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी दादाने फोनवर जाहीर केलं, पत्रे काढायचे आणि स्लॅब टाकायचा. जाहीर त्याने केलं. उभं मी राहायचं होतं.

खरं तर दिवाळीनंतर लगेच काम सुरू व्हायचं होतं. थंडीत स्लॅब पडला असता तर मी आज हे लिहायलाही बसले नसते. पण कॉन्ट्रॅक्टरची आधीची कामं, मग त्याच्या घरचं लग्न, मग वाळू नाही, मग सळई नाही, असं करत करत स्लॅब पडला तो ऐन मेमध्ये. घरात सेंट्रिंगचे टेकू इतके दाट उभे की आत पाऊल टाकायला जागा नाही. म्हणून समोरच्या चाळीत एक खोली घेतली आणि बाबांबरोबर मीही तिथे राहायला आले. बाळकुमला नवरा आणि मुलगी आपलं आपण करून खात होते. माझं ऑफिस कोपरीला. म्हणजे पहाटे आंबिवलीत स्लॅबला पाणी, दिवसा कोपरीत हिशेब, संध्याकाळी परत आंबिवलीत स्लॅबला पाणी.

कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी येऊन आळी केली खरी. वाळू-सिमेंटचे बोटभर उंचीचे बांध घालून स्लॅबचे चौकोन पाडले, भाताच्या खाचरांसारखे. बाबा खालून मान वर करून विचारत होते, "बांध नीट घातलेत ना? पाणी फुटायला नको." ते मूळचे कोकणातले. त्यांना ते समजलं. मी पाइप धरून एकेक चौकोन भरत गेले. सगळ्या चौकोनांत आभाळ दिसायला लागलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं. म्हटलं, जमलं की.

संध्याकाळी ऑफिसातून आले, शिडी चढले आणि बघते तर स्लॅब कोरडा ठणठणीत. पांढरा पडलेला. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी मुद्दाम पाणी सोडून दिलं. मग लक्षात आलं, कोणी काही केलेलं नाही. काही उन्हाने घेतलं आणि बाकीचं स्लॅबनेच पिऊन टाकलं. काँक्रीट पाणी पितं हे ऐकून होते. इतकं पितं हे कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे दुपारीही पाणी हवं. दुपारी मी कोपरीत. कॉन्ट्रॅक्टरला मेसेज केला की दुपारपुरता एक माणूस द्या. "उद्या पाठवतो ताई" असं उत्तर आलं आणि सोबत हात जोडल्याचं चित्र. तो उद्या काही उगवला नाही. मी दोनदा हाफ-डे घेतला. तिसऱ्यांदा साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?" काय सांगणार, स्लॅबला तहान लागते म्हणून?

त्यात पाणी. आमच्या गल्लीत नळ पहाटे येतो तो कधी धो धो, कधी नुसता फुसफुसतो. ते जमिनीतल्या टाकीत घ्यायचं आणि मोटर लावून वर चढवायचं. मोटर जुनी. ती कधी पाणी खेचायची, कधी नुसतीच घुंऽऽ करत बसायची. मग खाली उतरा, तिच्यात तांब्याने पाणी ओता, परत वर चढा. आठवड्यातून एक दिवस नळ बंद, त्या दिवशी बादल्या. गोणपाट आणून भिजवून पसरले तर वाऱ्याने ते उडून शेजारच्या काकूंच्या गच्चीवर गेले.

काकूंबद्दल सांगायला हवं. त्यांचं घर आमच्या घराला अगदी लागून, मध्ये हातभर बोळ. त्यांच्या घरावर स्लॅब आधीच पडलेला, गच्चीला जिना, गच्चीवर टाकी. काकू जुन्नरकडच्या. आईची आणि त्यांची चांगली मैत्री होती. पण आमचे कॉलम उभे राहिले तेव्हा छज्जा आपल्या खिडकीवर येणार असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यावरून बाबांची आणि त्यांची जुंपली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. उडालेले गोणपाट त्यांनी घडी घालून आमच्या दारात ठेवले, पण तोंडातून शब्द काढला नाही.

आणि दादा. दुबईत बसून तो रोज व्हिडिओ कॉल करायचा.

"कॅमेरा फिरव. सावकाश. तो पलीकडचा कोपरा दाखव. तिथे रंग वेगळा का दिसतोय?"

"ऊन पडलंय म्हणून."

"नाही गं, तिथे पाणी कमी आहे. मी काल बघितलं, क्युअरिंग नीट झालं नाही तर निम्मी ताकद जाते. तुला लिंक पाठवलीय. बघितलीस?"

"नाही."

"बघ ना! त्यात सगळं आहे."

एका हातात पाइप, एका हातात फोन, पायाखाली चटके, आणि मी ह्याने पाठवलेल्या लिंका बघायच्या. मी "हो हो" म्हणून फोन ठेवायची.

बाबांना शिडी चढायची मनाई होती. मागच्या वर्षी ते बाजारात चक्कर येऊन पडले होते. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, शिडी, स्टूल असलं काहीही नको. स्लॅब पडला त्या दिवशी मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. ते म्हणाले, "मी कशाला चढतोय? माझे गुडघे मला माहीत नाहीत का?"

एका संध्याकाळी मी आले तर स्लॅबवर पाणी होतं. चक्क भरलेलं. मी खूश होऊन खोलीत आले. बाबा खाटेवर पेपर वाचत होते. लेंगा बदललेला. पहाटेचा लेंगा दोरीवर ओला लटकत होता, गुडघ्यापर्यंत सिमेंटचे डाग.

"बाबा, वर कोण गेलेलं?"

"कुठे वर?"

"स्लॅबवर पाणी कोणी भरलं?"

"तू सकाळी भरलंस ना?"

"सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टिकतं? बाबा, तुम्ही चढलात."

त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. पेपराआडून म्हणाले, "काही झालं का? पडलो का? आयुष्यभर कंपनीत मशिनींवर चढलो. चार पायऱ्यांच्या शिडीचं काय कौतुक?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग होता, पण रागाच्या आत भीती होती, आणि भीतीच्या आत परत राग, की ही सगळी भीती एकट्या माझ्याच वाट्याला का. ते पडले असते तर? बोळात पडले असते तर संध्याकाळपर्यंत कोणाला कळलंही नसतं. मी बोलले. ते बोलले. मग गार झालेला पिठलं-भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी निघताना मी शिडी उतरवली, घराच्या कोपऱ्यावरच्या शेवग्याच्या खोडाला आडवी लावली, सायकलची साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. बाबा दारातून बघत होते. त्यांची ती नजर घेऊनच मी कोपरीत काम करत होते.

जेवणाचा डबा उघडला तेवढ्यात फोन वाजला. काकू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"आधी इकडे ये! तुझ्या बापाने माझ्या कुरडयांची वाट लावली!" एवढं ओरडून फोन बंद.

मी परत लावला तर उचलेनात. बाबांना लावला, तेही उचलेनात. काय झालं असेल याचे नाही नाही ते अंदाज बांधत मी डबा तसाच ठेवून निघाले. साहेबांना सांगितलं की नाही ते आठवत नाही.

गल्लीत शिरले तर घरासमोर चार-पाच बायका उभ्या. बाबा अजूनही गल्लीच्या मधोमध पाइप हातात धरून उभे, अंगावरचा बनियन ओला, चेहरा उन्हाने लाल. शिडी नाही म्हटल्यावर त्यांनी वेगळाच मार्ग काढला होता. मोटर लावायची, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि खालूनच फवारा स्लॅबवर सोडायचा. स्लॅबवर किती पडलं देव जाणे. उरलेलं सगळं बोळ ओलांडून काकूंच्या गच्चीवर, आणि गच्चीवर काकूंनी सकाळीच घातलेल्या कुरडया. गहू भिजत घालून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून शिजवून, सोऱ्याने एकेक पाडलेल्या. दोन्ही लेकींसाठी, वर्षभराच्या. मी जिन्याने वर जाऊन बघितलं. प्लॅस्टिकवर नुसती लापशी झाली होती.

"मुद्दाम केलं यांनी!" काकू माझ्या मागोमाग चढून आल्या. त्यांचा आवाज चिरकत होता. "छज्ज्यावरून बोलले ना मी, त्याचा राग काढला!"

खालून बाबा ओरडले, "मला काय माहीत वर तुमच्या कुरडया आहेत! मला दिसतंय का इथून? ज्या शिडीवरून दिसलं असतं ती बांधून ठेवलीय!"

हे माझ्यासाठी होतं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आणि नेमका त्याच वेळी दादाचा व्हिडिओ कॉल.

मी उचलला. तो म्हणाला, "अगं, दुपारचं पाणी झालं का? मी विचार करत होतो की..."

तोवर मी कधी गल्लीत आवाज चढवला नव्हता. लहानपणी नळावरच्या भांडणांतही मी हंडा घेऊन मागे सरकणारी. त्या दुपारी मात्र काकूंच्या गच्चीवर उभी राहून मी ओरडले. फोन गरागरा फिरवून दादाला स्लॅब दाखवला, लापशी दाखवली, खाली पाइप धरून उभे असलेले बाबा दाखवले. म्हटलं, "हे बघ. बघ ना, तुला बघायचंच असतं ना रोज! हा तुझा स्लॅब. हे तुझे वडील. ऑफिस सोडून मी इथे आलेय. तुला पाणी मारायचंय? ये. विमानात बस आणि ये!" मग कठड्यावरून खाली वाकून बाबांना म्हटलं, "आणि तुम्ही! तुम्हाला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? स्लॅब गेला खड्ड्यात!" मग काकूंकडे वळले, पण त्यांना काय बोलायचं तेच आठवेना. त्यांचं तर खरंच नुकसान झालं होतं. मी तिथेच टाकीच्या सावलीत बसले आणि मला रडू फुटलं. दादाने कधी फोन ठेवला ते कळलंच नाही.

खाली मोटर बंद झाली. बायका एकेक करून पांगल्या. मग काकू खाली जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवला.

"पी आधी. जेवलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

मी पाणी पीत असताना त्या कठड्याशी जाऊन आमच्या स्लॅबकडे बघत होत्या. म्हणाल्या, "त्या शेवग्याकडच्या कोपऱ्यात पाणी थांबतच नाही. तिथला बांध पहिल्या दिवसापासून फुटलाय. तू भरतेस आणि तू गेलीस की तासाभरात सगळं बोळात येतं. मी रोज बघते."

मी उठून बघितलं. दादाला रंग वेगळा दिसत होता तोच कोपरा. पांढराफटक, आणि त्यावर केसासारख्या बारीक चिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या.

"काकू, मग सांगितलं का नाही?"

"बोलत होतो का आपण?"

मला इतकं वैतागायला झालं की हसूही येईना. पहाटेची झोप मोडून मी ज्या कोपऱ्यात पाणी ओतत होते ते सगळं बोळात जात होतं, आणि हातभर अंतरावरून एक बाई ते रोज बघत होती. छज्ज्यापायी.

"खालूनच पाइप मारून स्लॅब भिजतो का कधी," काकू पुढे म्हणाल्या. "इथून मार म्हणावं त्यांना. जिना चढता येतो ना?"

डॉक्टरांनी शिडीला मनाई केली होती, जिन्याला नाही. हळूहळू, कठडा धरून जिना चढायला बाबांना काहीच हरकत नव्हती. हा जिना आमच्या भिंतीला लागून इतकी वर्षं उभा होता. माझ्या डोक्यात तो आलाच नव्हता, कारण ज्या घरी बोलणं नाही त्या घरचा जिना आपण मोजतच नाही.

"पण माझ्या कुरडयांचं काय?" काकू म्हणाल्या. "मला एकटीला परत एवढं होणार नाही. रविवारी तू यायचंस."

हो म्हणण्याखेरीज गत्यंतर नव्हतं.

बाबांना खाली जाऊन सांगितलं तर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मी त्यांच्या गच्चीवर जाणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, "नका जाऊ. मग मी नोकरी सोडते." मग तसेच भिंतीकडे बघत म्हणाले, "दिवसभर ह्या खोलीत बसून मी काय करायचं ते तुम्ही कोणी सांगितलं नाहीत. घर माझं बांधताय आणि मलाच लांब ठेवताय." मला त्यांची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू. पाय भाजलेले होते, डोकं ठणकत होतं. मी एवढंच म्हटलं, "उद्या साडेबाराला वर जा. टोपी घाला."

त्या संध्याकाळी मी फुटलेला बांध स्वतः घातला. हार्डवेअरच्या दुकानातून सिमेंट आणलं, वाळू होतीच. बांध वाकडा झाला, पण पाणी थांबलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा काकूंच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून स्लॅबला पाणी मारायला लागले. गोडीगुलाबीने नव्हे. काकूंनी मला फोन करून सांगितलं, "तुझे बाबा माझ्या जिन्यात पाण्याची थारोळी करून ठेवतात." बाबांनी मला फोन करून सांगितलं, "त्या सारख्या पुरे पुरे करतात, त्यांना स्लॅबमधलं काय कळतं?" आधी एकटा दादा फोन करायचा, आता हे दोघंही करायला लागले. दादा मात्र त्या दुपारनंतर काही दिवस गप्प होता. मग एकदा नुसता मेसेज आला, "कशी आहेस?" मी स्लॅबचा फोटो पाठवला. दुसरं काय पाठवणार?

रविवारी मी काकूंकडे पहाटे गेले. ज्या एका दिवशी मी बाळकुमला जाऊन आंघोळ करून पंख्याखाली झोपणार होते, तो दिवस मी गव्हाच्या चिकात ढवळणं फिरवत घालवला. चीक शिजताना हात थांबवायचा नाही, गुठळी होते. घाम पातेल्यात पडू नये म्हणून काकू मध्ये मध्ये त्यांच्या पदराने माझं कपाळ टिपत होत्या. त्या आईबद्दल बोलल्या, छज्ज्याबद्दलही बोलल्या. छज्ज्याबद्दल त्यांचं मत बदललेलं नव्हतं. "अंधार येणारच माझ्या खिडकीत. तू काही म्हण." मी ढवळत राहिले. माझे दंड भरून आले होते. वर गच्चीवर बाबांनी पाइप दुसऱ्या बाजूला वळवून धरला आणि आम्ही कुरडया घातल्या.

सेंट्रिंग काढायच्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर उगवला, जसा काही कालच भेटला होता. टेकू निघाले, फळ्या खाली आल्या, धूळ बसली. आम्ही आत गेलो. छत वर होतं, सपाट, करडं, फळ्यांच्या रेघा उमटलेलं. बाबा खोलीच्या मध्ये उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मी कॉन्ट्रॅक्टरला कोपऱ्यातल्या चिरांबद्दल विचारलं. तो वर जाऊन आला.

"केसासारख्या आहेत ताई. होतंच उन्हात. सिमेंटचा घोळ मारून देतो. वरून वॉटरप्रूफिंग होणारच आहे."

"पण बांध तुमच्या माणसांनी नीट घातला नव्हता."

"तुम्ही तेव्हाच सांगायचं ना."

मी फोन काढला आणि त्याला न उचललेल्या कॉलची रांग दाखवली. त्याने ती पाहिली, मान हलवली, आणि माझ्याऐवजी बाबांकडे वळून म्हणाला, "काका, एकदम कडक झालाय बघा स्लॅब." बाबा म्हणाले, "हो, पाणी भरपूर मारलं ना."

पावसाळ्यात त्या कोपऱ्यात ओल आली. छतावर तळहाताएवढा काळसर डाग. परत घोळ मारला, परत ओल आली. आता तिथे बाबांनी कपाट सरकवलंय, म्हणजे डाग पटकन दिसत नाही. बाकी स्लॅब चांगला आहे. दुपारी घरात बसवतं, बाबा पंखा लावून आतल्या खोलीत झोपतात.

दादा गणपतीला आला. चपला काढून सरळ आत गेला, छताकडे बघितलं, भिंतीवर थाप मारली, बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मस्त झालाय की गं. उगाच टेन्शन घेत होतीस तू."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मी दादाच्या हातातून बॅग घेतली, आत नेऊन ठेवली आणि चहाचं आधण चढवलं. साखर मुद्दाम कमी घातली. त्याला गोड चहा लागतो.